आमच्या दुकानाची काच

बाजारातून घरी येताना तुम्ही एखाद्या दुकानासमोर थबकता की नाही? हातात भाजीची पिशवी असते, घरी कुकर लावायचा असतो, तरी पाय क्षणभर थांबतात. काचेआडचं काहीतरी डोळ्यांत भरतं. मग आपण पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि पुढं चालू लागतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही तशीच होते. आता मात्र थांबलेल्या बाईकडे काचेच्या आतल्या बाजूनं पाहायची वेळ माझ्यावर आली आहे, आणि तिथून दिसणारं जग अगदी वेगळं आहे, बरं का!

आमचं कापडाचं लहानसं दुकान आहे, वाशीमच्या बाजारात. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते १९८२ साली काढलं. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. दुकान दहा फूट रुंद. गादी, गादीवर पांढरी चादर, मागं फळ्या, फळ्यांवर गठ्ठे. पुढच्या अंगाला सात फुटांची काच आणि काचेत एक पुतळी, जिला दुकानातला नोकर 'स्टॅच्यू' म्हणतो. तिच्या नाकाचा टवका उडालेला. अंगावर एकच साडी सहा सहा महिने. पायाशी रिकामी खोकी, हिशेबाची जुनी वही, उन्हानं पिवळं पडलेलं एक कॅलेंडर आणि (लिहायची लाज वाटते) दोन-चार मेलेल्या माश्या.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. दुपारी घरी. आमच्याकडे बायकांनी गादीवर बसायची रीत नव्हती. दुकान पुरुषांचं आणि घर आमचं, अशी वाटणी. त्यामुळं काच मलाही दिसत होती आणि तरीही दिसत नव्हती.

२०२० च्या टाळेबंदीनंतर धंदा जो बसला तो उठेना. मुली मोबाइलवर साड्या मागवू लागल्या, लग्नाचा बस्ता बांधायला लोक अकोल्याला जाऊ लागले. एके रात्री जेवताना हे म्हणाले, "मोबाइलच्या दुकानासाठी एकजण जागा भाड्यानं मागतो आहे. महिन्याचं भाडं ठरलेलं मिळेल, डोक्याला ताप नाही." मामाजी काही बोलले नाहीत. त्यांनी ताटातली भाकरी अर्धी ठेवली आणि हात धुतले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पानात अन्न टाकलं नाही, त्यानं अर्धी भाकरी ठेवली, हे आत्याबाईंच्या नि माझ्या एकदमच लक्षात आलं.

मी त्या रात्री बोलून गेले, "दिवाळीपर्यंत थांबा. नुसती काच मला द्या." मला काय येत होतं? काही नाही. शाळेतला फलक सजवायचा अनुभव आणि आळीत नावाजलेली माझी महालक्ष्म्यांची आरास, एवढंच भांडवल.

पहिल्या रविवारी मी काचेत तेवीस साड्या लावल्या. हो, तेवीस! दोऱ्यांवर, खिळ्यांवर, पुतळीच्या दोन्ही हातांवर. दुकानात जे जे चांगलं आहे ते ते दिसलं पाहिजे, असा माझा हिशेब. आत्याबाई संध्याकाळी मुद्दाम पाहायला आल्या. रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, हे दुकान आहे की वाळवण?"

राग आला. पण खरंच, वाळत घातलेल्या कपड्यांकडे कोण निरखून पाहतं?

दुसऱ्या खेपेला मी अगदी उलट टोकाला गेले. इतिहासाची शिक्षिका ना मी! वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, आणि अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं त्यानं कोरवलं, असं तिथला शिलालेख सांगतो. हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. मग अजिंठ्याचं एक मोठं चित्र छापून आणलं, वाळू पसरली, मातीचे दिवे मांडले, वर्गातल्या मुलांकडून अक्षरं कापून घेतली, आणि कोपऱ्यात गेरूच्या रंगाच्या दोन सुती साड्या सोडल्या.

गर्दी झाली हो! लोकांनी फोटो काढले. आमचे मुख्याध्यापक येऊन गेले. आठ दिवसांत एकाही बाईनं त्या साड्यांची चौकशी केली नाही. एका गृहस्थांनी मात्र आत डोकावून विचारलं, "प्रदर्शन किती दिवस आहे? तिकीट आहे का?"

यांना हसू आवरेना. मामाजी हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, लोकांनी तुला पाहिलं. साडीला नाही पाहिलं."

त्या वाक्यानं मी दोन दिवस घुसमटले. शेवटी आत्याबाईंनीच वाट दाखवली. महालक्ष्म्या बसवायचे दिवस जवळ आले होते. माळ्यावरून मखर काढताना त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मांडतेस, घरात आलेली बाई आधी काय पाहते गं? मुखवटा. बाकीचं सगळं मग. मुखवटा झाकून कोणी फुलोरा टांगतं का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आमच्या समोरच्या दुकानाच्या पायरीवर तासभर बसले. कोण पाहतं, कोण नाही, ते नुसतं बघत होते. तासाभरात जेमतेम सात-आठ जणींनी मान वळवली, आणि मान वळली तीही दोन-तीन पावलं टाकेपर्यंत. महालक्ष्म्यांना येणारी सवाष्ण पाटावर बसून पाहते. ही चालता चालता पाहते. तेवढ्यात तिला एकच गोष्ट दिसू शकते. मग ती एक गोष्ट कोणती, ते आपणच ठरवायला हवं, नाही का?

आणखी एक शोध त्या पायरीवर लागला. दुपारी आमच्या काचेत साडी दिसतच नव्हती! समोरचं पानाचं दुकान दिसत होतं, जाणारी रिक्षा दिसत होती. रस्त्यावर लख्ख ऊन आणि आत अंधार असला की काचेचा आरसा होतो. बायका थांबत होत्या, पण स्वतःचा पदर सारखा करायला. मग मी काचेपासून दोन-अडीच फुटांवर मागं फिकट बदामी रंगाची जुनी चादर ताणून लावली आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून दिवे तिरपे सोडले. मामाजींनी चादरीला हरकत घेतली. "गादीवरून मला रस्ता दिसला पाहिजे, आणि रस्त्यावरून गिऱ्हाइकाला मी." म्हणणं बरोबर होतं. नवख्या बाईला आत कोण बसलं आहे हे दिसलं नाही तर ती पायरी चढत नाही. म्हणून चादर अर्धी कापली. खाली पडदा, वर मोकळं.

दिव्यांचंही एक गुपित आहे. अगदी डोक्यावर दिवा लावला तर निऱ्यांत काळोख साचतो आणि पुतळीच्या डोळ्यांखाली सावल्या पडून ती आजारी दिसते. बाजूनं तिरपा उजेड टाकला की जर चमकते, काठाची वीण उठून दिसते. पिवळसर उजेडात लाल, केशरी खुलतं पण निळं मरतं. पांढऱ्या उजेडात निळं-हिरवं खुलतं, लाल थोडं रोडावतं. आम्ही दोन्ही तऱ्हेचे दिवे आणून ठेवले आहेत आणि साडीप्रमाणं बदलतो. तरीही बाई साडी उचलून दारात उन्हाशी नेतेच. नेऊ द्यावी.

उंचीचं गणित हे आणि मी मिळून सोडवलं. आमचं दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या वर आहे, म्हणजे काचेतला मधला भाग बाईच्या डोक्यावरून जातो. मी रस्त्यात उभी राहिले, हे आतून हात वर-खाली करत होते, आणि जिथं माझी नजर सरळ गेली तिथं शाळेतल्या खडूनं रेघ मारली. पुतळीला पाटावरून खाली उतरवलं. आता पदर त्या रेघेशी येतो. तुमच्या ओळखीत कोणाचं दुकान असेल, किराण्याचं असो की बांगड्यांचं, तर त्यांना एवढं जरूर सांगा की आतून सजवू नका, रस्त्यात उतरून पाहा. दर पाच मिनिटांनी उतरा.

बाकीची कामं आपल्या रोजच्या कामासारखीच. काच पुसायला पाण्यात थोडं व्हिनेगर आणि जुनं वर्तमानपत्र. बाहेरची बाजू रोज सकाळी, आतली आठवड्याला. साडी टांगायला सुतळी नको, तंगूस वापरा, तो दिसत नाही. पावसाळ्यात साध्या टाचण्या गंजतात आणि कापडावर तांबडा ठिपका ठेवतात, म्हणून स्टीलच्याच घ्या आणि शिवणीत टोचा.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

लग्नसराई आली. एप्रिल महिना, आणि आमच्याकडचा एप्रिल म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. मी वांगी रंगाची रेशमी साडी काचेत लावली, किंमत चार हजार दोनशे. इतकी देखणी दिसत होती की बदलायचं मनच होईना. मामाजी एकदा म्हणाले होते, "ऊन पाहून घे." मी हो म्हटलं आणि विसरले. शाळेच्या परीक्षा होत्या. साडी वीस-बावीस दिवस तशीच राहिली.

एक दिवस एक मायलेकी आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. चार दुकानं हिंडून त्या परत आल्या होत्या. "तीच हवी, काचेतली," मुलगी म्हणाली. नोकरानं साडी उतरवून गादीवर पसरली आणि सगळे गप्प झाले. प्रत्येक घडीच्या कडेनं फिकट पट्टे पडले होते. आतला रंग वांगी, कडेचा जांभळ्या राखेसारखा. मुलीच्या आईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. नेमकी मी त्या दिवशी दुकानात होते.

घरी आपण काय करतो? पांढऱ्या कापडावर हळदीचा डाग पडला तर धुऊन कडक उन्हात टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत डाग उडतो. ऊन रंग खातं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण स्वयंपाकघरातलं शहाणपण दुकानाच्या उंबऱ्याशी मी चपलांसारखं काढून ठेवलं होतं!

मामाजींनी त्या मायलेकींना पाणी दिलं, "तीन दिवसांत तशीच मागवून देतो" म्हणून सांगितलं, आणि दिली. स्वतः पहाटेच्या गाडीनं जाऊन घेऊन आले. किंमत तीच लावली, जाण्यायेण्याचा खर्च धरला नाही. मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. ती पट्ट्यांची साडी आमच्याकडेच राहिली. ती कुठं ठेवू असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझ्या कपाटात ठेव." ती तिथंच आहे.

आता उन्हाळ्यात दुपारी कापडी छत पाडतो. रेशीम काचेत दोन दिवसांवर ठेवत नाही, आणि सुती कापडसुद्धा आठवड्यानं घडी फिरवून लावतो.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट दिव्यांची नाही की रंगांची नाही. ती आहे किमतीची चिठ्ठी.

आपण बायका दुकानात शिरायला का कचरतो, सांगा बरं? गादीवर बसलं की माणूस भराभरा साड्या उघडतो. पाच, दहा, पंधरा. ढीग होतो. मग "नको" म्हणताना जीभ जड होते. घड्या त्यानं मोडल्या, आणि काही न घेता उठायचं कसं? पर्समध्ये पाचशे रुपये असलेली बाई हा प्रसंग टाळायला बाहेरूनच निघून जाते. साडी तिला आवडत नाही म्हणून नव्हे, भाव विचारायची भीती वाटते म्हणून.

मी चिठ्ठी लावते म्हटल्यावर मामाजींनी साफ नकार दिला. "समोरचा दहा रुपयांनी कमी लावेल. आणि भाव लिहिला की बोलणं संपलं. बोलणं संपलं की गिऱ्हाइकाशी नातं संपलं." हेही खोटं नव्हतं. समोरच्यानं पुढं खरंच दहा रुपयांनी कमी लावला! पण मी हट्ट धरला. एका पुठ्ठ्यावर फळ्यावरच्या अक्षरात ठसठशीत लिहिलं : रु. ६४०. साधी सुती साडी, हिरवी, लाल काठाची. तारांकित नाही, 'पासून पुढे' नाही. काचेत जी आहे तिचीच किंमत.

तिसऱ्या दिवशी, आठवडी बाजाराला, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई पायरीखाली उभी राहिली. वर येईना. मी बाहेर गेले तर हळूच विचारते, "बाई, थे हिरवं लुगडं खरंच सहाशे चाळीसचं हाय, का आत गेल्यावर येगळं सांगतात?"

म्हटलं, "तेवढ्याचंच आहे, मावशी."

"चार महिने झाले, दर बाजाराला पाहून राह्यली मी तुमची काच. मले वाटे, एवढ्या उजेडात ठेवलं म्हंजे दोन हजाराचं असंल."

तिनं आणखी एकही साडी उघडायला लावली नाही. कनवटीचे पैसे मोजून दिले, ते पुन्हा एकदा मोजले, आणि साडी पाटीत न ठेवता काखेत धरून गेली. मामाजी गादीवरून पाहत होते. संध्याकाळी त्यांनी नोकराला पुठ्ठे कापून ठेवायला सांगितलं, आणि दोन दिवसांनी समोरच्या दुकानाचा भाव पाहूनही आमची चिठ्ठी बदलू दिली नाही.

तेव्हापासून आमच्या काचेला आमच्याच मुलखाचं पंचांग आहे. संक्रांतीला काळी साडी, तीही एकच. उन्हाळ्यात बस्ता. जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचं कापड आणि छत्री. तेव्हा पेरण्या असतात, घराघरातला पैसा सोयाबीनच्या बियाण्यात गेलेला असतो, महागाची साडी लावून कोणाचा जीव का जाळायचा? पोळ्याला माझ्या धाकटीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काचेत उभा राहतो, शेजारी टॉवेल-टोप्या. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेची माणसं गावातून जातात, तेव्हा भडक रंगाचं कापड आणि आरशांचं काम. ते मांडताना माझ्या एका विद्यार्थिनीची आई येऊन मला सुधारून गेली, कारण मी आरसे भलत्याच बाजूला लावले होते. आणि सोयाबीन बाजारात आलं, हातात चार पैसे आले, की मग दिवाळीची काच. त्या वर्षी भाव कसा आहे ते आधी विचारायचं आणि मगच साडी निवडायची.

धाकटीला 'ओझचा जादूगार' वाचून दाखवत होते, तेव्हा एक गंमत कळली. तो लिहिणारे एल. फ्रँक बॉम हे एके काळी दुकानदार होते. अमेरिकेतल्या डाकोटा भागात १८८८ साली त्यांनी दुकान काढलं आणि १८९० पर्यंत ते बंदही पडलं. पुढं १८९७ मध्ये शिकागोत त्यांनी निव्वळ दुकानाच्या काचा सजवण्यावर एक मासिक सुरू केलं, आणि १९०० साली, ज्या वर्षी ओझची गोष्ट आली त्याच वर्षी, काचा सजवण्यावरचं त्यांचं पुस्तकही निघालं. आणि लंडनला १९०९ मध्ये सेल्फ्रिज नावाच्या गृहस्थांनी भलंमोठं दुकान काढलं, तेव्हा दुकान बंद झाल्यावरही काचेतले दिवे रात्री जळत ठेवले. हे मी घरी सांगितलं, तर यांनी लगेच विजेच्या बिलाचा हिशेब मांडला. पण छोटे दिवे आहेत, बिल फार येत नाही. आता आमचेही दिवे रात्री दहापर्यंत असतात. जेवण झाल्यावर फिरायला निघालेली जोडपी थांबतात. तिला साडी दिसते, त्याला चिठ्ठी दिसते. दुसऱ्या दिवशी ती एकटीच येते!

तुम्ही विचाराल, मोबाइलवाल्याचं काय झालं? तो पुन्हा दोनदा आला. यांनी अजून नाही म्हटलेलं नाही आणि हो-ही म्हटलेलं नाही. गेल्या दिवाळीचा गल्ला आदल्या वर्षीपेक्षा बरा होता. यंदाचं पीक कसं येतं पाहू. एवढं मात्र झालं आहे की दर पंधरवड्याला, बाजाराच्या आदल्या रात्री, शटर अर्धं खाली करून आम्ही सगळे काचेभोवती असतो. आत्याबाई निऱ्या घालतात, तो हात त्यांचाच. हे शिडीवर. मी पुठ्ठ्यावर भाव लिहिते.

परवा काम संपलं तरी मामाजी आत दिसेनात. पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडे, समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. तिथून त्यांनी हात हलवून खूण केली, पुतळी जरा डावीकडे. मी सरकवली. अजून थोडी, अशी खूण केली. मी अजून थोडी सरकवली. मग त्यांनी स्वतःच्या नाकाला बोट लावलं आणि ओरडून म्हणाले, "तेवढं प्लास्टरचं बघ आता, सूनबाई!"